‘लेझर मार्गदर्शक’ की ‘लेझरवेधी’?

नागपूरच्या धरमपेठेतील एका मुद्रितशोधक मैत्रिणीने विचारले आहे की, ‘हेलिकॉप्टरमधून लेझर मार्गदर्शक क्षेपणास्त्रे डागली’ हे वाक्य बरोबर आहे का. मूळ बातमी ७० मिलिमीटर व्यासाच्या रॉकेटांची होती.

‘मार्गदर्शक’ म्हणजे वाट दाखवणारा. येथे वाट दाखवतो तो लेझर, आणि रॉकेट त्या वाटेने जाते. म्हणून निदान ‘मार्गदर्शित’ तरी हवे. ‘क्षेपणास्त्र’ हा शब्दही मी टाळीन. अमेरिकेचे हेलफायर हे मुळातच लक्ष्याचा माग घेण्यासाठी घडवलेले क्षेपणास्त्र आहे. ७० मिलिमीटरचे हायड्रा मात्र सुटले की सरळ जाणारे साधे रॉकेट असून, त्याची मोटर आणि पुढचा स्फोटक भाग यांच्यामध्ये मार्गदर्शनाचा भाग बसवला की ते लेझरच्या मागे जाऊ लागते. अमेरिकी मरीन कोअरने २०१२ मध्ये अफगाणिस्तानात अशी रॉकेटे हेलिकॉप्टरवरून प्रत्यक्ष लढाईत वापरली. यातील लेझर रॉकेटमधून निघत नाही, हे महत्त्वाचे. हेलिकॉप्टरमधला किंवा जमिनीवरचा सैनिक लक्ष्यावर अदृश्य किरण रोखून धरतो, तेथून परतणारा प्रकाश रॉकेटच्या चार पंखांवरचे संवेदक टिपतात आणि रॉकेट वळत वळत त्या ठिपक्यावर जाऊन आदळते.

ही क्रिया सांगणारा नमुना आपल्याकडे आहे. श्रावणबाळाच्या कथेतला दशरथाचा बाण ‘शब्दवेधी’ होता, कारण घागर भरतानाच्या बुडबुड आवाजावर तो सोडलेला होता. त्याच धर्तीवर ‘लेझरवेधी’ मला फार आवडतो. दशरथाच्या बाबतीत वेध धनुर्धराच्या कानाने घेतला होता, सुटलेला बाण काही वळला नव्हता; येथे तो वेध रॉकेट स्वतः घेते, त्यामुळे शब्द अधिकच चपखल बसतो.

‘रॉकेट’ऐवजी ‘बाण’ म्हणावे का? मराठ्यांच्या फौजांत दारू भरलेल्या लढाऊ नळ्यांना बाणच म्हणत, आणि नागपुरातल्या महाल भागातल्या गल्ल्यांत दिवाळीला बाटलीत उभा करून पेटवतात तोही बाणच. तरीही नागपूर परिसरात तयार होणाऱ्या पिनाकाच्या बाबतीत येथील वाचक ‘रॉकेट’ हाच शब्द सहज वापरतो, तेव्हा तो बदलण्याची गरज मला वाटत नाही.

आणखी एक बारकावा: ही रॉकेटे हेलिकॉप्टरच्या आतून सुटत नाहीत, तर बाजूच्या आखूड पंखांखाली टांगलेल्या नळकांड्यांतून सुटतात. म्हणून ‘हेलिकॉप्टरवरून लेझरवेधी रॉकेटे डागली’ असे लिहावे, आणि ‘लेझरवेधी’ हा सामासिक शब्द असल्याने तो जोडूनच छापावा.