विचारा की! : गुरुवारची सायकल

प्रश्न : माझा भाचा को-पायलट आहे. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, आज गुरुवार, नवी सायकल लोड झालीय का बघायचंय, नंतर बोलतो." विमानातला नकाशा मोबाइलसारखा आपोआप अपडेट होत नाही का? आणि जुना राहिला तर विमान उडतच नाही का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, गुरुवार हा स्वामींचा वार म्हणून निवडलेला नाही, पण अक्कलकोटला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या लक्षात राहायला सोपा. जगभरातली हवाई माहिती दर 28 दिवसांनी, गुरुवारीच बदलते. हवाई मार्गांवरचे बिंदू, धावपट्टीची टोकं, रेडिओ केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी, उतरण्याच्या पद्धती, सगळं त्यात आलं. या वेळापत्रकाला एअरॅक म्हणतात आणि 28 दिवसांच्या एका फेरीला सायकल. वर्षात 13 सायकली बसतात. 2020 साली 14 बसल्या होत्या.

आपोआप मात्र काही होत नाही, आणि होऊ नये असंच माझं मत. आपल्याकडे मूळ माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करतं. डेटा कंपन्या ती संगणकाला कळेल अशा रूपात बसवतात, मग ती त्या-त्या विमानाच्या एफएमएससाठी, म्हणजे मार्ग सांभाळणाऱ्या संगणकासाठी, बांधली जाते आणि शेवटी इंजिनिअर ती विमानात लोड करतो. हे सगळं वेळेत व्हावं म्हणून बदल लागू होण्याच्या 42 दिवस आधी छापून बाहेर पडायला हवेत, असा दंडक आहे. आपल्या सोलापूरचं दाते पंचांग पाडव्याच्या आधीच घरात येतं, पण पाडवा उजाडेपर्यंत चालतं जुनंच, तसंच इथे. एफएमएसमध्ये चालू आणि पुढची अशा दोन्ही सायकली ठेवता येतात. कुठली चालू आहे ते स्क्रीनवर तारखांसकट दिसतं आणि पायलटने ते बघायचंच असतं.

तारीख उलटली तर विमान लगेच जमिनीवर बसत नाही. काय बिघडलेलं असताना उडता येतं, याच्या कंपनीच्या मंजूर यादीत तशी सूट असेल, तर ठरावीक मुदतीपर्यंत उडता येतं. मात्र मार्गातला प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक रेडिओ केंद्र ताज्या चार्टवरून, म्हणजे वैमानिकांच्या नकाशावरून, तपासून. डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणांची आखणी करणाऱ्या विभागात, असताना हे काम मी केलंय. चहा गार होतो, मान आखडते.

पण तुमच्या भाच्याला माझा निरोप द्या : तारीख बरोबर म्हणजे माहिती बरोबर, असं नव्हे. फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे संगणक स्वतः तपासतो. मुळातच चुकीचा आकडा भरला गेला असेल, तर तो तितक्याच इमानाने विमानापर्यंत पोचवला जातो.

कोलंबियातल्या काली शहराजवळचा विमान अपघात आठवा. 20 डिसेंबर 1995, मायामीहून आलेलं बोइंग 757. चार्टवर रोझो नावाच्या रेडिओ केंद्रापुढे 'आर' हे अक्षर होतं. एफएमएसमध्ये मात्र 'आर' दाबल्यावर यादीत वर आलं ते बोगोटाजवळचं रोमिओ. रोझो पूर्ण नावाने साठवलेलं होतं. विमान डावीकडे वळलं, आणि वैमानिकांना ते उमगेपर्यंत ते डोंगरांत शिरलं होतं. 163 पैकी चौघे वाचले. तारखेचा तिथे काही प्रश्नच नव्हता. कागद आणि यंत्र एकमेकांशी जुळत नव्हते.

म्हणून उतरण्याची पद्धत एफएमएसमध्ये निवडली की प्रत्येक टप्प्याची दिशा, अंतर आणि उंची चार्टशी ताडून पाहतात. एक जण वाचतो, दुसरा बघतो. जुळलं नाही तर ती पद्धत वापरायची नाही आणि कंपनीला कळवायचं. आकडा हाताने 'दुरुस्त' करायचा नाही. हुशार मुलांनाच हा मोह जास्त होतो.

आपल्याच गावातलं बघा. सोलापूर विमानतळाला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी जून 2023 मध्ये पाडली. त्यावर गावात किती वाद झाले, ते मी इथे काढत नाही. होटगी रस्त्यावरून जाणाऱ्याला ती त्याच दिवशी दिसेनाशी झाली. विमानाच्या दृष्टीने मात्र कुठलाही अडथळा असा एका दिवसात नाहीसा होत नाही. मोजणी व्हावी लागते, पद्धत नव्याने आखावी लागते, ती प्रसिद्ध होते आणि मग एखाद्या गुरुवारी लागू होते. उलट, उद्या कुणी धावपट्टीच्या रोखाने उंच क्रेन उभी केली, तर 28 दिवस थांबून कसं चालेल? त्यासाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांना तातडीने दिलेली सूचना, असते. एफएमएसला तिचा पत्ताही नसतो. ती माणसानेच वाचायची.

प्रश्न : धावपट्टीचा नंबर बदलतो म्हणे. धावपट्टी तर जागेवरच असते ना?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : धावपट्टी जागेवरच असते, चुंबकीय उत्तर सरकते. नंबर म्हणजे धावपट्टीची चुंबकीय दिशा जवळच्या दहाच्या पटीवर आणून, शेवटचं शून्य काढून लिहिलेली. लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावर 2009 मध्ये 05/23 ची 04/22 झाली. रंगारी पाट्या बदलून मोकळा होतो, पण प्रत्येक चार्टवर आणि प्रत्येक विमानाच्या डेटाबेसमध्ये तो बदल एकाच गुरुवारी यावा लागतो. गंमत म्हणजे काही विमानांत चुंबकीय फरकाचा तक्ता वेगळाच साठवलेला असतो. तो दर 28 दिवसांनी बदलत नाही, बरीच वर्षं तसाच राहतो. त्यामुळे चार्टवरची दिशा आणि स्क्रीनवरची दिशा यांत अंशा-दोन अंशांचा फरक दिसला की नवखा पायलट दचकतो. किती फरक चालतो, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते बघूनच ठरवायचं.