उत्तर: हार्ट फेल्युअर, गावाकडचे वडील आणि रोजचा व्हॉट्सॲप मेसेज

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडील ६८ वर्षांचे, ईएफ (म्हणजे हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३०, डिस्चार्ज होऊन दीड महिना होतोय तोवर परत दम लागून ॲडमिट. ते आणि आई गावी, तुम्ही हिंजवडीत, दिवसातनं तीनदा गोळ्यांची आठवण करणारा मेसेज टाकता, तरी असं का झालं, आणि एखादं चांगलं ॲप आहे का, शिवाय आईकडे साधा बटनाचा फोन आहे त्याचं काय.

ॲपच्या मागे लागू नका. मेसेज चालू ठेवा, पण त्यात विचारायचं काय आणि उत्तर आल्यावर करायचं काय ते बदला. मी डॉक्टर नाही, माझ्या अप्पांना चार वर्षं हा आजार आहे, ते कराडजवळ गावी आणि मी ठाण्याला, म्हणजे तुमच्याच बोटीतली. सुरुवातीला अगदी तुमच्यासारखंच करत होते. सकाळी आठला "अप्पा गोळी घेतली का", दुपारी परत, रात्री परत. उत्तर काय, तर "हो". कधी नुसता हात जोडलेला फोटो. मला वाटायचं चला, सगळं सुरळीत आहे.

दिवाळीला गेले तेव्हा गोळ्यांचा डबा उघडला तर पाण्याची गोळी, म्हणजे लघवी व्हायची जी असते ती, जवळजवळ दोन पाकिटं शिल्लक. बाकीच्या सगळ्या बरोबर घेतलेल्या. विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाले, "अगं बाजाराच्या दिवशी एसटीनं जायचं, दोन तास मध्ये कुठं उतरणार मी? सोसायटीच्या मीटिंगला बसलो तर पाचवेळा उठायचं का?" आता यात खोटं काय बोलले ते, मी विचारलं होतं गोळी घेतली का, त्यांनी बाकीच्या सहा घेतल्या होत्या. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले बाहेर जायच्या दिवशी घरी आल्यावर दुपारी घ्या, फक्त फार उशिरा नको नाहीतर रात्रभर उठावं लागेल. एवढंच होतं! पण तीन महिने कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून माझा मेसेज बदलला, "आज बाहेर जायचंय का, पाण्याची गोळी किती वाजता घेणार?" याला "हो" असं उत्तर देताच येत नाही.

दुसरं म्हणजे वजन. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर असेल बहुतेक, रोज वजन करा म्हणून, आणि बहुतेक घरी ते होत नाही कारण कशासाठी ते कुणी नीट सांगत नाही. हृदयाचा पंप कमी पडला की अंगात पाणी साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, सरळ हिशोब. पायावर सूज दिसायच्या आणि दम लागायच्या आधी कित्येकदा चार-आठ दिवस काटा वर जायला लागलेला असतो. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरला कळवा असा साधारण नियम आहे, आमचे डॉक्टर एका दिवसात एक किलो वाढलं तरी फोन करा म्हणतात, तुमच्या डॉक्टरांना तुमचा आकडा विचारून घ्या. वजन सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण सारख्या कपड्यात. आणि काटा एकाच जागी ठेवायचा हो! आमच्या घरात शहाबादी फरशी, काटा दारात ठेवला की एक आकडा आणि खिडकीपाशी ठेवला की दुसरा, पाऊण किलोचा फरक. शेवटी देवघराबाहेरच्या एका सपाट फरशीवर खडूनं चौकोन काढला. आई रोज पुसते आणि अप्पा रोज परत काढतात, तो वेगळा विषय.

अप्पा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. त्यांना "काळजी घ्या" म्हटलेलं आवडत नाही, पण वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा रकान्यांचा कागद, म्हटलं की डोळे चमकतात. मी म्हटलं अप्पा, रोज सकाळी सातला मला वेबिल पाठवायचं. चार रकाने: वजन, रात्री किती उशा घेतल्या, पायाला सूज, गोळ्या. ते पाठवतात "६२.४ / १ / नाही / झाल्या". बस्स. उशांचं अशासाठी की छातीत पाणी साठायला लागलं की सपाट झोपलं की घुसमटतं, माणूस नकळत दुसरी उशी घेतो, मग तिसरी, आणि विचारलं तर "काही नाही, जरा ॲसिडिटी आहे" म्हणतो. दम लागतो का विचारलं तर म्हातारी माणसं नाहीच म्हणतात, उशा किती हे मात्र खरं सांगतात. सूज बघायची तर नडगीच्या हाडावर अंगठ्यानं पाच सेकंद दाबायचं, खड्डा राहिला तर सूज.

आता आमची चूक सांगते, कारण तुमच्याकडे पण फॅमिली ग्रुप असणारच. मी शहाणपणा करून वेबिल ग्रुपवर टाकायला सांगितलं, म्हणजे भावाला, आत्याला, सगळ्यांनाच कळेल. गौरी-गणपतीचे दिवस होते. ६२.४. दुसऱ्या दिवशी ६३.१. मग ६३.९. चौथ्या दिवशी ६४.७ आणि दोन उशा. चारही दिवस त्या मेसेजला चार-चार अंगठे पडलेले आहेत, आजही ग्रुपवर वर जाऊन बघता येतात, त्यातला एक माझा. भावाला वाटलं ताई बघतेय, मला वाटलं भाऊ पुण्यात आहे तो जवळ आहे, आत्याला तर वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली असंच वाटत होतं, तिनं "छान!!" लिहिलंय. आणि मध्ये मोदकांचे, आरासीचे फोटो, सुप्रभात, गुलाबाची फुलं. पाचव्या रात्री दोन वाजता १०८ बोलवावी लागली. पाच दिवस ॲडमिट, इंजेक्शननं पाणी काढलं. त्या माणसानं रोज इमानदारीत आकडा पाठवला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो वाचला होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर मी बसून यावर बरंच वाचलं, तर आमच्यासारखं मोठ्या प्रमाणावर पण होऊन गेलंय. अमेरिकेत २०१० साली टेली-एचएफ नावाचा अभ्यास आला, १६५३ पेशंट, रोज एका ऑटोमॅटिक फोनवर वजन आणि त्रास सांगायचा आणि दवाखान्यानं ते बघायचं. सहा महिन्यांनी बघितलं तर परत ॲडमिट होणं किंवा दगावणं यात काही फरक नाही, फोनवाल्यांत ५२.३ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५१.५ टक्के. १४ टक्के लोकांनी तर ती सिस्टीम एकदाही वापरली नाही. आणि जर्मनीत टिम-एचएफ२ म्हणून २०१८ ला आलेला, १५७१ पेशंट, त्यात वजन, बीपी, ईसीजी रोज जात होतं पण पलीकडे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले, आकडा बिघडला की फोन, औषध बदल. तिथे हार्टसाठी ॲडमिट राहण्यात जाणारे दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. ब्राझीलमध्ये नुसत्या मोबाइल मेसेजवर एक झाला, ६९९ पेशंट, त्यात लोक स्वतःची काळजी जास्त चांगली घ्यायला लागले पण हार्टवरचा ताण दाखवणारी जी रक्ताची तपासणी असते त्यात म्हणावा तसा फरक नाही पडला. माझ्या मते मेसेजनं सवय लागते, पण पलीकडे उठून काहीतरी करणारं माणूस लागतंच, आणि ते कोण हे आधी ठरलेलं लागतं.

म्हणून आता आमच्याकडे वेबिल फक्त मला येतं, ग्रुपवर नाही. मी सुट्टीवर किंवा आजारी असेन तर त्या दिवशी भाऊ "आज ड्युटी माझी" असं लिहून घेतो, नाही लिहिलं तर ड्युटी माझीच. मी अंगठा देत नाही, आकडा परत लिहिते, "६२.६, काल ६२.४", म्हणजे मला स्वतःला वजाबाकी करावी लागते. सव्वासातपर्यंत मेसेज नाही आला तर फोन. आणि डॉक्टरांकडून आम्ही एका कागदावर लिहून घेतलंय की अमुक एवढं वाढलं तर पाण्याची गोळी किती जादा, किती दिवस, आणि तरी नाही उतरलं तर कधी यायचं. हा कागद फ्रिजवर आहे आणि त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये. आमचा डोस इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कृपया विचारू नका, किडनी आणि पोटॅशियम बघून प्रत्येकाचा वेगळा असतो. उलटं पण लिहून घ्या, जुलाब-उलट्या झाल्या किंवा वजन भराभर उतरलं, चक्कर यायला लागली तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते, उन्हाळ्यात हे होतं.

मीठाचं मेसेजवर भाषण देऊ नका, माझा अनुभव आहे, ते वाचतच नाहीत. मी आठवड्यातनं दोनदा एकच गोष्ट पाठवते आणि ती पण व्हॉइस मेसेजनं, आईला. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, पण तो चमचा भाजीत नसतो, तो पापड, लोणचं, कुरडई, फरसाण, उपासाचे वेफर्स यात असतो. पोटात गॅस झाला की पाण्यात फसफसणारी पावडर घेतात त्यात पण सोडियम, हे अप्पांना पटायला वर्ष लागलं. आणि दोन गोष्टी तुमच्या आईला नक्की सांगा. एक, कमी सोडियमचं मीठ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, वडिलांना स्पायरोनोलॅक्टोन (ही गोळी अंगात पोटॅशियम धरून ठेवते) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. दोन, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही आणून परस्पर द्यायचं नाही, त्यानं अंगात पाणी धरतं. आमच्या शेजारच्या काकांना हेच झालं होतं, सगळे मीठाला दोष देत बसले.

पाणी किती प्यायचं हे पण डॉक्टरांनाच विचारा, सगळ्यांनाच बंधन नसतं. आम्हाला दीड लिटर सांगितलंय. अप्पा सकाळी तेवढं एका तांब्यात आणि बाटलीत काढून ठेवतात आणि चहा घेतला की त्यातलं कपभर झाडाला ओततात. जास्वंद फोफावलीय.

आईच्या बटनाच्या फोनचं म्हणाल तर काही अडत नाही, आकडा एसएमएसनं पाठवता येतो, टाइप करायला जमत नसेल तर सकाळी सातला मिस्ड कॉल द्यायचा आणि तुम्ही उलट फोन करून चार आकडे विचारून वहीत लिहायचे, दीड मिनिटाचं काम आहे. आमच्याकडे गावात रेंज गेली की हेच करतो. फक्त बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, भोवळ आली किंवा फेसाळ गुलाबी थुंकी आली तर कुणालाही मेसेज टाकत बसायचं नाही, थेट १०८, हे आईला तोंडपाठ करून ठेवा.

आणि हो, वडिलांना ते पोलिसी चौकशी वाटू देऊ नका. अप्पा कधीकधी वेबिलाखाली एक ओळ जादा लिहितात, परवा होती "६२.१ / १ / नाही / झाल्या. साळुंक्याच्या लग्नात जिलबी खाल्ली, मठ्ठा सोडला. शेरा लिहावा." मी लिहिलं मंजूर.

तुमच्यासाठी पहिलं काम, डिस्चार्ज कार्ड काढा आणि घरी सोडतानाचं वजन त्यावर लिहिलंय का बघा, जादा पाणी उतरल्यावरचं ते वजन, त्यालाच डॉक्टर लोक ड्राय वेट म्हणतात. नसेल लिहिलं तर वॉर्डात फोन करून विचारा, ते पण नाही मिळालं तर उद्या सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभं करा आणि डॉक्टरांना सांगा की हा आकडा आहे, हा धरून चालू का. वडील पूर्वी काय काम करायचे तेवढं कळवा, रकाने कसे पाडायचे ते सुचवते.