घर तुझ्याच नावावर राहू दे

अगं, तुझा मेसेज वाचून आधी चिडलो, मग फार वाईट वाटलं. बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी, फाइल करण्याआधी घर ताईच्या नावावर करू का म्हणतेस. नको करूस. ताई स्वतःहून हो म्हणाली असली तरी नको. तो क्विटक्लेम डीडचा (घरावरचा आपला हक्क सोडून दुसऱ्याला द्यायचा) फॉर्म तिचं नाव टाकून भरून ठेवलायस ना, तो नोटरीकडे अजिबात नेऊ नकोस.

कोर्टाच्या फॉर्मवर सरळ प्रश्न असतो की गेल्या दोन वर्षांत कुणाला काय विकलं, काय नावावर करून दिलं. पुढे ३४१ मीटिंगला, म्हणजे केस फाइल झाल्यावरच्या चौकशीच्या बैठकीत, केस बघायला नेमलेला ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो. बहिणीला फुकटात दिलेलं घर तो परत खेचून आणू शकतो, आणि तू ते आपणहून दिलेलं असल्यामुळे मग त्यावर होमस्टेड एक्झेम्प्शन (राहत्या घरातला ठरावीक रकमेपर्यंतचा वाटा वाचवणारी सूट) मागायचा हक्कही जातो. म्हणजे जे वाचणार होतं तेच घालवून बसायचं! वर ज्यांचे पैसे देणं आहे त्यांना फसवायला वर्षभराच्या आत केलं असं ठरलं तर डिस्चार्जच, म्हणजे कर्जातून सुटका, मिळत नाही, कर्ज सगळं तसंच डोक्यावर.

आणि तुझे आकडे बघ तरी. घराची किंमत ४ लाख डॉलर, मॉर्गेज (घराचं कर्ज) बाकी ३ लाख ७० हजार, म्हणजे इक्विटी, घरातला तुझा स्वतःचा वाटा, ३० हजार. न्यू जर्सीत घरासाठी फेडरल (केंद्राच्या कायद्यातलं) एक्झेम्प्शन घेता येतं, ते १ एप्रिल २०२५ पासून ३१,५७५ डॉलर आहे. मग लपवायचं काय आहे यात? टेक्सासच्या मैत्रिणीचं ऐकून इथला हिशोब करू नकोस, प्रत्येक स्टेटचं गणित वेगळं.

खरी काळजी थकलेल्या हप्त्यांची कर. बँकरप्सीच्या चॅप्टर ७ या प्रकारानं तुझी वैयक्तिक देणेदारी जाते पण बँकेचा घरावरचा बोजा राहतो, हप्ते भरले नाहीत तर घर जाणारच. चॅप्टर १३ या हप्त्यांनी फेडायच्या प्रकारात थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडता येते, मात्र चालू हप्ताही सोबत भरावा लागतो, तिथे सूट नाही. आणि शेरीफ सेलच्या (घराच्या सरकारी लिलावाच्या) आधी फाइल कर, तुझी पहिलीच केस आहे, फाइल होताच ऑटोमॅटिक स्टे (वसुलीला आपोआप मिळणारी स्थगिती) लागून लिलाव थांबतो. ४०१(के) हे निवृत्तीचं खातं मोडून क्रेडिट कार्डं भरायचा विचारही सोड, तो पैसा बँकरप्सीत सुरक्षित असतो.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मलाही सगळे हेच म्हणत होते, भावाच्या नावावर कर, घरातल्या घरात आहे, कोण बघतंय. मी ऐकलं नाही. भावाला वाटलं माझा त्याच्यावर विश्वास नाही, तो दुरावला तो अजून पूर्वीसारखा बोलत नाही. चॅप्टर १३ चे हप्ते भरताना आईला भेटायला भारतात जाणं पुढे ढकलत राहिलो, ते मनात सलतं. लोक हट्टी म्हणाले, म्हणू देत. मी कोर्टात जे खरं होतं तेच सांगितलं, आणि परत वेळ आली तरी तेच करीन. म्हणून एवढं ओरडून सांगतोय, घर तुझ्याच नावावर राहू दे.

उद्याच बँकरप्सीच्या वकिलाची वेळ घे. जाताना डीड, मॉर्गेज स्टेटमेंट आणि बँकेची नोटीस ने, आणि फाइल करण्याआधी क्रेडिट काउन्सेलिंग (कर्जाबद्दलचं समुपदेशन) लागतं ते उरकून टाक. ताईशी मी बोलतो, तू त्यात पडू नकोस.