कोजोकारूमधला 'कारू'

एका वाचकाने विचारले आहे की, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ज्या रोमानियन धावपटूने पी. टी. उषा यांना मागे टाकून कांस्यपदक मिळवले, त्या क्रिस्तियाना कोजोकारू यांच्या आडनावातला 'कारू' हा आपल्या 'कारू-नारू'तला, म्हणजे संस्कृत 'कारु' (कारागीर) या शब्दाचाच भाऊबंद असेल काय? त्या शर्यतीत कोजोकारूंची वेळ ५५.४१ सेकंद होती आणि उषा यांची ५५.४२, त्या एका शतांश सेकंदामुळे हे आडनाव आपल्याकडच्या अनेकांच्या कायमचे लक्षात राहिले आहे.

शंका रास्त आहे, कारण हे आडनाव खरोखरच एका कारागिराचे आहे. चूक आहे ती शब्दाच्या फोडीत. 'कोजो' आणि 'कारू' असे हे दोन तुकडे नाहीत. मूळ शब्द 'कोजोक' (मेंढीच्या कातड्याचा अंगरखा), त्याला लागलेला प्रत्यय 'आर' आणि शेवटचा 'उ', अशी त्याची फोड आहे. यातला 'क' कपड्याच्या नावाचा आहे, करणाऱ्याचा नाही. पडताळा पाहायचा असेल, तर ज्यांच्या मूळ शब्दात 'क' नाही अशी त्याच घडणीची आडनावे घ्यावीत: 'ओआला' म्हणजे मडके, त्यावरून ओलारू, 'मोआरा' म्हणजे पिठाची गिरणी, त्यावरून मोरारू, 'रोआता' म्हणजे चाक, त्यावरून चाके घडवणारा रोतारू. 'कारू' कोठेही उरत नाही, उरतो तो फक्त 'आरू'.

हा 'आर' लॅटिनमधल्या 'आरियुस' या धंदावाचक प्रत्ययापासून आला आहे. येथे मराठी माणसाची आणखी एक फसगत होऊ शकते, आणि ती अधिक मोहक असल्यामुळे तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. रोमानियनमध्ये मडकी घडवणारा 'ओलार', मराठीत 'कुंभार'. दोन्हींच्या शेवटी 'आर' आहे. परंतु आपला 'आर' हा 'कुम्भकार', 'सुवर्णकार', 'लोहकार' यांतल्या 'कार'मधला 'क' प्राकृतात गळून पडल्यावर उरलेला अंश आहे, तर त्यांच्या 'आर'मध्ये 'क' कधी नव्हताच. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द एकाच उंबरठ्यावर भेटावेत, असा हा योगायोग आहे. व्युत्पत्तीच्या अभ्यासात असे योगायोग ओळखून बाजूला ठेवणे हे साम्य शोधण्याइतकेच महत्त्वाचे काम असते, असे मला वाटते.

राहिला शेवटचा 'उ'. रोमानियनमध्ये निश्चितता दाखवणारे उपपद नामाच्या आधी न येता त्याच्या शेपटीला चिकटते: 'कोजोकार' म्हणजे कोजोक शिवणारा कोणीही, आणि 'कोजोकारुल' म्हणजे तो ठरावीक, गावाला माहीत असलेला कोजोकवाला. रोजच्या बोलण्यात शेवटचा 'ल' उच्चारला जात नाही, आणि आडनावे लिहिली गेली ती बोलण्याप्रमाणे. हे उपपद पुल्लिंगी आहे. तरीही स्त्रीचे आडनाव कोजोकारूच राहते, कारण पूर्वजाचा धंदा सांगणारे ते रूप आता गोठलेले आहे. रोमानियात १८९५ साली नावांविषयीचा कायदा झाला आणि आडनाव पिढ्यान्‌पिढ्या एकच राहू लागले. त्यामुळे ज्यांनी सुई कधी हातात धरली नाही, अशांच्याही नावापुढे हा धंदा उभा आहे.

आता प्रत्यक्ष 'कोजोक' पाहू. मेंढीचे कातडे लोकरीसकट कमावून, लोकर आत आणि कातडे बाहेर ठेवून शिवलेला हा हिवाळी अंगरखा कार्पेथियन डोंगररांगांतले शेतकरी आणि मेंढपाळ घालत आले आहेत. बाहेरच्या कातड्यावर रंगीत धाग्यांचे दाट भरतकाम असते. कातडे कमावण्यापासून या भरतकामापर्यंतची कामे कोजोकार करी. शब्द मात्र रोमानियनचा स्वतःचा नाही. तो स्लाव भाषांतून, 'कातडे' या अर्थाच्या 'कोझा' शब्दावरून आला आहे. म्हणजे या एका आडनावात कपडा स्लाव आहे आणि प्रत्यय लॅटिन. (त्यातला 'जो' जीभ टाळूला न टेकवता, 'श'ला घोष दिल्यासारखा उच्चारतात, देवनागरीत त्याला नेमके अक्षर नाही.) हा अंगरखा भाषेत इतका मुरला आहे, की एखाद्याला वठणीवर आणण्याचा उपाय आपल्यापाशी आहे हे सांगताना रोमानियन माणूस म्हणतो, 'त्याच्या कोजोकासाठी माझ्याकडे सुई आहे.'

कपड्यांच्या इतर कारागिरांचीही आडनावे आहेत. क्रोयतोरू म्हणजे शिंपी. त्यातले मूळ क्रियापद 'आ क्रोयी' म्हणजे कापड बेतणे. सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर जिंकणाऱ्या रोमानियन धावपटू गाब्रिएला साबो यांचे आडनावही शिंप्याचेच, पण ते हंगेरियन आहे. त्याचेही मूळ बेतण्याच्या क्रियेतच आहे. पादत्राणे शिवणाऱ्यांच्या आडनावांपैकी दोन पाहा: हंगेरियनमधून आलेल्या 'चिझ्मा' या बुटावरून चिझ्मारू, आणि पूर्वेकडे मोल्दोवात रूढ असलेल्या 'चुबोता'वरून चुबोतारू. कापड रंगवणारा तो बोयानजिऊ, म्हणजे आपल्या आडनावांतला रंगारी. त्याच्या शेवटचा 'जिऊ' तुर्की आहे, आणि तोच तुर्की प्रत्यय फारसीमार्गे मराठीत येऊन 'मशालची', 'तोफची', 'खजिनची' या शब्दांत बसला आहे. प्रश्नकर्त्याला जे नाते 'कारू'मध्ये हवे होते, ते येथे खरोखर सापडते.

काही आडनावांत कारागीर नसून नुसती वस्तूच असते. ती बहुधा पूर्वजाला पडलेली टोपणनावे असावीत. कोजोक असे नुसते आडनाव आहे, तसेच 'पापुक' हेही आहे. पापुक म्हणजे सपाता. हा शब्द तुर्कीतून रोमानियनमध्ये गेला, आणि तुर्कीने तो फारसी 'पापोश'वरून, म्हणजे 'पाय झाकणारे' या शब्दावरून घेतला. तोच फारसी शब्द मराठीत आला तेव्हा आपण त्यात आपला 'पाय' घातला, आणि म्हणून 'कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही' असे आपण म्हणतो.