चार जुलैचा कागद कोणता?

प्रश्न : ताई, आमची मुलगी आठवीत आहे. शाळेने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर प्रकल्प दिला आणि ‘१७७६ चं मूळ साधन जोडा’ अशी अट घातली. आम्ही इंटरनेटवरून जाहीरनाम्याचं छान ठळक चित्र उतरवून घेतलं, छापलं, चिकटवलं. बाईंचा शेरा आला : ‘हे १८२३ चं आहे.’ कागदावर तर ४ जुलै १७७६ अशी तारीख ढळढळीत दिसते! चूक कोणाची?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. आणि तुमचीच चूक मीही एकदा करून बसले आहे, तीही ग्रंथपाल असताना. एका जुलैत मी ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात हेच चित्र लावलं आणि खाली मोठ्या ऐटीत पाटी लिहिली, ‘१७७६ च्या मूळ कागदाचं छायाचित्र’. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलं आणि म्हणाले, “मूळ कागद एवढा वाचता आला असता, तर वॉशिंग्टनला रांगेत उभं राहून मी इतका वैतागलो नसतो.” पाटी मी त्याच दुपारी काढली.

मूळ चर्मपत्र वॉशिंग्टनला नॅशनल अर्काइव्ह्जच्या गोल दालनात आहे आणि त्याची शाई जवळजवळ उडाली आहे. १८४१ पासून ३५ वर्षं ते पेटंट ऑफिसच्या इमारतीत खिडकीसमोर टांगलं होतं, मग दुसरं काय होणार! पण कागदाची रया त्याच्याही आधीपासून जात होती. म्हणून १८२० मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी विल्यम स्टोन या कारागिराला त्याची हुबेहूब नक्कल तांब्याच्या पत्र्यावर कोरायला सांगितली. त्याला तीन वर्षं लागली. आज पुस्तकांत, कपांवर, टी-शर्टांवर दिसतो तो जाहीरनामा बहुतेक वेळा स्टोनचा असतो. खूण सोपी आहे. अक्षर न् अक्षर काळंभोर दिसत असेल तर संशय घ्या. मग चित्र मोठं करून अगदी वरच्या कडेला किंवा खाली डाव्या कोपऱ्यात सह्यांच्या तळाशी बघा, तिथे बारीक अक्षरांत स्टोनचं नाव सापडतं. नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर मूळ आणि स्टोन अशी दोन्ही चित्रं मोठ्या आकारात मोफत मिळतात. शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत की पुन्हा कधी फसणार नाही.

आता खरी गंमत. त्या उडालेल्या चर्मपत्रावरसुद्धा ४ जुलैला कोणी सही केलेली नाही. स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलैला, मजकूर मंजूर झाला ४ जुलैला, चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात लिहून काढायचा हुकूम निघाला १९ जुलैला आणि बहुतेक सह्या पडल्या २ ऑगस्टला. मधल्या काळात ९ जुलैला न्यूयॉर्कने होकार दिला, म्हणून चर्मपत्राच्या मथळ्यात ‘एकमताने’ हा शब्द आहे. ४ जुलैच्या मजकुरात तो नाही, कारण तोवर एकमत नव्हतंच.

मग ४ जुलैचा कागद कोणता? जॉन डनलॅप या फिलाडेल्फियाच्या मुद्रकाने त्याच रात्री छापलेला एकपानी जाहीरनामा. सुमारे २०० प्रती छापल्या असाव्यात, आज २६ ठाऊक आहेत. त्यावर ५६ सह्यांची ती प्रसिद्ध रांग नाही. खाली काँग्रेसचे (म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचे) अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन ही दोनच नावं आहेत, तीही छापील. दिसायला अगदी साधा, पोरांना आवडणार नाही असा. पण मुलीने चिकटवायचा तो हा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर चित्र आहे.

सोबत त्याच काँग्रेसमधल्या जॉन अ‍ॅडम्सचं पत्नी अ‍ॅबिगेलला लिहिलेलं ३ जुलैचं पत्र जोडा. २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या सण म्हणून साजरा करतील, असं ते त्यात मोठ्या विश्वासाने लिहितात. दोन दिवसांनी चुकलं बिचाऱ्यांचं. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे मूळ पत्राचं चित्र आणि समोर टाईप केलेला मजकूर, दोन्ही आहे. त्या तारखेची पत्रं दोन आहेत. तुम्हाला हवं ते ‘हॅड अ डिक्लरेशन’ या शब्दांनी सुरू होतं.

मुलीला आणखी खोलात जायचं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला थॉमस जेफरसनचा, म्हणजे जाहीरनामा लिहिणाऱ्याचा, कच्चा मसुदा उघडून द्या. गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजावर आगपाखड करणारा मोठा परिच्छेद त्यात आहे. काँग्रेसने तो गाळला. मग मॅसॅच्युसेट्सकडेच असलेली जेफरसनची शेतीची वही उघडा. त्याच हस्ताक्षरात त्याच्या मालकीच्या माणसांच्या नावानिशी याद्या आहेत. एका बैठकीत दोन्ही बघू द्या, बाकी तिचं तिला कळेल.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर जेफरसनचं वचन फिरतंय : ‘तुम्हाला हवं ते सगळं देण्याइतकं मोठं सरकार तुमचं सगळं काढूनही घेऊ शकतं.’ खरं आहे का? खात्री कशी करायची?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : खरं नाही. जेफरसनच्या लिखाणात हे वाक्य सापडत नाही. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये काँग्रेससमोरच्या भाषणात जवळपास याच शब्दांत ते म्हटलं होतं. जेफरसनचं घर माँटिसेलो. तिथल्या संस्थेने त्याच्या नावावर खपवलेल्या वचनांची यादीच ठेवली आहे, पहिला फेरा तिथे मारा.

दुसरा फेरा ‘फाउंडर्स ऑनलाइन’चा. नॅशनल अर्काइव्ह्ज आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे भांडार आहे. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे अशा सातजणांची १ लाख ८० हजारांहून अधिक पत्रं नि टिपणं, फुकट, नाव-गाव न विचारता. पण तिथे अख्खं वाक्य टाकू नका. ही माणसं स्पेलिंगच्या बाबतीत स्वतंत्र होती (स्वातंत्र्य तिथूनच सुरू झालं असावं). अवतरणचिन्हांत तीन-चार शब्द टाका, नाही सापडलं तर दुसरे तीन टाका. पानावर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ असं लिहिलेलं दिसलं तर ती नक्कल अजून अंतिम नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि संगणक उघडण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : माणूस तिथे होता का? फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली जात होती त्या १७८७ च्या उन्हाळ्यात जेफरसन पॅरिसला होता आणि जॉन अ‍ॅडम्स लंडनला. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या ‘भाषणा’चा निकाल इथेच लागतो. व्हर्जिनियाचा पुढारी पॅट्रिक हेन्री याचं ‘स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण’ हे भाषण १७७५ चं खरं, पण त्याचा मजकूर पहिल्यांदा छापला गेला १८१७ मध्ये, हेन्री जाऊन १८ वर्षं झाल्यावर. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. अवतरणचिन्हं घालताना माझा हात जरा अडखळतो, इतकंच.

प्रश्न : त्याच १७८७ च्या वर्तमानपत्रांत घटनेवरची चर्चा शोधतोय. मे ते सप्टेंबर, काहीच सापडत नाही. माझं शोधणं चुकतंय का?
— एक विद्यार्थी, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : शोधणं बरोबर आहे. बातमीच नव्हती. बाहेर काही बोलायचं नाही, असा नियमच घटना लिहायला जमलेल्या प्रतिनिधींनी करून घेतला होता. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या आणि १९ तारखेला ‘पेनसिल्व्हेनिया पॅकेट’मध्ये पूर्ण घटना छापून आली. छापणाऱ्यांत आपला तोच डनलॅप! आतली चर्चा हवी तर त्यांच्यातल्या जेम्स मॅडिसनची टिपणं वाचा, येल विद्यापीठाच्या ‘एव्हलॉन प्रोजेक्ट’वर तारीखवार लावलेली आहेत. ती प्रसिद्ध झाली १८४० मध्ये, मॅडिसनच्या मृत्यूनंतर, आणि मधल्या काळात त्याने त्यांवर हात फिरवला होता. म्हणून दुसऱ्या प्रतिनिधींची टिपणंही ताडून बघा. मॅक्स फॅरंडने ती सगळी १९११ मध्ये एकत्र छापली, लायब्ररी ऑफ काँग्रेसवर आहेत.

जुन्या छपाईत शोधताना आणखी एक : शब्दाच्या मधला ‘एस’ तेव्हा ‘एफ’सारखा लांब काढत. मोडी वाचणाऱ्यांना हे नवं नाही. संगणकाला मात्र आहे, तो ‘ब्लेसिंग’चं ‘ब्लेफिंग’ करून ठेवतो. दोन्ही टाकून बघा.

प्रश्न : हक्कांच्या सनदेच्या (घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या) मूळ कागदावर १० नव्हे, १२ कलमं आहेत, आणि भाषणस्वातंत्र्य तिसरं आहे! हा कागद बनावट तर नाही?
— एक आजोबा, इलिनॉय

उत्तर : अस्सल आहे. सप्टेंबर १७८९ मध्ये काँग्रेसने १२ पाठवली, डिसेंबर १७९१ पर्यंत राज्यांनी १० मान्य केली, म्हणून तिसऱ्याचं पहिलं झालं. उरलेल्यांपैकी दुसरं कलम काँग्रेसच्या सदस्यांच्या पगाराचं. ते १९९२ मध्ये मंजूर होऊन सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. पहिलं अजून लटकलेलंच आहे.

प्रश्न : जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये जन्मतारीख ‘११ फेब्रुवारी १७३१/२’ दिसते. पुस्तकं म्हणतात २२ फेब्रुवारी १७३२. आणि हा १७३१ भागिले २ काय प्रकार आहे?
— एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : भागाकार नाही हो! तेव्हा इंग्रजी मुलखात कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन्ही साल लिहीत. शिवाय त्यांचं कॅलेंडर ११ दिवस मागे होतं. १७५२ मध्ये ते दुरुस्त केलं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ उजाडला आणि विशीतल्या वॉशिंग्टनचा वाढदिवस ११ वरून २२ ला गेला. तुम्ही टिपण करताना बायबलातली तारीख आहे तशीच उतरवा, तिरक्या रेघेसकट.