बदकाच्या पिल्लाला राजहंस व्हायलाच हवं का?

प्रश्न : माझी मुलगी मोठ्या गटात आहे. यंदा तिच्या वर्गात आलेला एक मुलगा दोन्ही कानांना मशीन लावतो. ‘त्याच्या कानात ते काय आहे? मला नाही बसायचं त्याच्याजवळ,’ असं ती रोज घरी येऊन म्हणते. तिला समजावं म्हणून कुरूप बदकाच्या पिल्लाचं चित्रपुस्तक आणलं. गोष्ट आवडली, पण त्याच्याजवळ बसायला काही ती तयार नाही. दुसरी कुठली पुस्तकं आणू?
– एक आई, नाशिक

उत्तर : गदिमांचं ‘एका तळ्यात होती’ ऐकतच आपण वाढलो. नातवंडांना मी अजून ते गाऊन झोपवते आणि शेवटच्या कडव्याला माझाच गळा दाटतो. पण तुमच्या कामाला ही गोष्ट उपयोगाची नाही. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८४३ सालच्या मूळ गोष्टीतही पिल्लाचे हाल संपतात ते पिल्लू राजहंस निघतं म्हणून. बदकं काहीच शिकत नाहीत! तुमच्या लेकीच्या वर्गातला मुलगा उद्या मशीन लावूनच येणार आहे, परवाही. शेजारी बसायचं ते त्याच्या, राजहंसाच्या नव्हे.

पुस्तकाआधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या. तिनं सरळच विचारलंय. ‘त्याला कमी ऐकू येतं. मशीन आवाज मोठा करून कानात सोडतं. वर्गातला गोंगाटही त्याला मोठा ऐकू येतो, म्हणून त्याच्याशी बोलताना समोर उभं राहायचं, म्हणजे त्याला तुझे ओठ दिसतात.’ एवढं पुरे. यंत्र कसं चालतं हे ऐकायला पोरांना फार आवडतं. त्यांना बुजवतं ते आपलं ‘श्शू, असं विचारू नये’.

आता पुस्तकं. चेन्नईचं तुलिका प्रकाशन मराठीतही चित्रपुस्तकं काढतं. त्यांचं तारिणी विश्वनाथ यांनी लिहिलेलं ‘कॅच दॅट कॅट’ माझ्या वाचनालयात सगळ्यात जास्त फाटलंय. डिप डिप नावाची उचापती पोर हरवलेलं मांजर शोधायला निघते. मांजर झाडावर सापडतं आणि डिप डिप आपली चाकांची खुर्ची सोडून झाडावर चढते. नॅन्सी राज यांच्या चित्रांत खुर्ची दिसते, पण गोष्ट मांजराची आहे. आमच्याकडची मुलं तर मांजराचं नाव ‘कापी’ का, यावरच भांडत बसतात. मला हेच हवं असतं. इंग्रजी प्रत मिळाली तरी चालेल, चित्रं दाखवत मराठीत सांगा.

झाई व्हिटेकर यांचं ‘कन्ना पन्ना’ही तुलिकाचंच. एक अबोल मुलगा घरच्यांबरोबर गुहा बघायला जातो, आत दिवे जातात आणि तोच सगळ्यांना बाहेर काढतो, कारण त्याला दिसत नसल्यानं अंधाराची सवयच आहे. सुरेख पुस्तक, पण माझी एक कुरकुर आहे. वेगळ्या मुलानं सगळ्यांना वाचवलं की मगच त्याचं कौतुक, असं मुलांच्या मनात बसायला नको. कुणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या, गणितात कच्च्या, जरा चिडक्या मुलालाही बाकावर जागा हवीच ना? म्हणून मी डिप डिप आधी वाचते, कन्ना नंतर.

व्हेनेझुएलाच्या मेनेना कोत्तीन आणि रोसाना फारिआ यांचं रंगांवरचं काळं पुस्तक कुठे हाती लागलं तर सोडू नका. पानं काळी, चित्रं उठावाची, बोटांनी चाचपायची, मजकुराबरोबर ब्रेल. न दिसणारा मुलगा त्यात लाल रंग कसा ते सांगतो : गुडघा खरचटला की दुखणारा.

पैसे घालवायचे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. पण निवडून घ्या. शेवटच्या पानावर बाई सगळ्यांना समजावतात आणि वर्ग टाळ्या वाजवतो, अशी गोष्ट मी बाजूला ठेवते.

वाचताना ‘बघ, तुमच्या वर्गातल्या त्याच्यासारखीच’ असं मात्र म्हणू नका. तिला जोडायचं तर ती जोडेल. शाळेतल्या बाईंनाही, त्या मुलाला पुढे उभं करून मशीन दाखवायला लावू नका, एवढं सांगा. मांजराचं पुस्तक वर्गाच्या पेटीत देऊन टाका. तोही वाचेल.