केव्हिंग क्लब आपली जुनी वार्तापत्रं स्कॅन करून मोफत ऑनलाइन का ठेवतात? आमच्या ट्रेकिंग ग्रुपला तसं करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहतो. सुट्टीच्या दिवशी मेंडिप टेकड्यांमधल्या गुहांत उतरतो, आणि पाऊस फार झाला की क्लबच्या झोपडीत स्कॅनर लावून बसतो. म्हणून आधी इथलं सांगतो, मग तुमच्या अंकांकडे येतो.

'का'चं उत्तर प्रिडी गावाजवळच्या स्विल्डन्स होलमध्ये मिळतं. इथे नवीन आलेल्याला बहुतेक वेळा पहिल्यांदा याच गुहेत नेतात. जुनी वर्णनं काढलीत तर त्यात 'फॉर्टी फूट' नावाचा कडा भेटतो: शिडी सोडायची आणि ओढ्याचं गार पाणी अंगावर घेत उतरायचं. आज आत गेलात तर हा कडा शोधून सापडणार नाही. 10 जुलै 1968च्या पुरात तो नाहीसाच झाला. त्याच्या पुढचा 'ट्वेंटी' तेवढा आहे, तिथे अजूनही शिडी लागते. गाइडबुकात या सगळ्याची एखादी ओळ असते. पुराआधी लोक तिथे कसे उतरायचे, शिडी कशाला बांधायचे, पाणी किती असायचं, हा तपशील क्लबांच्या सायक्लोस्टाइल (मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून शाईने छापलेल्या) अंकांतच मिळतो. असे अंक फक्त सभासदांपुरते काढलेले असायचे, आणि त्यातले बरेच पुढे कुणाच्या तरी पोटमाळ्यावर गेले.

एकाच ठिकाणी ठेवलेल्या कागदांचं काय होतं, याचाही दाखला इथलाच आहे. ब्रिस्टल विद्यापीठाची गुहा-संशोधन संस्था 1919 सालची. तिच्या लोकांनी अ‍ॅव्हलाइन्स होल या गुहेतून दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं बाहेर काढली. नोव्हेंबर 1940च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात संस्थेचं संग्रहालय जळालं आणि बरीचशी हाडं, उत्खननाची कागदपत्रं त्यातच गेली. छापलेले अहवाल मात्र आधीच सभासदांकडे आणि ग्रंथालयांत पोचले होते, ते वाचले. आज ते अंक कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. ब्रिस्टल एक्स्प्लोरेशन क्लबचं 'बेल्फ्री बुलेटिन' 1947 सालापासूनचं आहे, तेही ऑनलाइन चाळता येतं.

आता कामाचं. लोक स्कॅनरच्या किमतीत अडकतात, पण स्कॅनिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. जुना कागद ऑटोफीडरमध्ये घालू नका, तो फाटतो. आधी गंजलेल्या पिना पातळ सुरीने उचकटून काढा. 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) ठेवा, आणि ब्लॅक अँड व्हाइटऐवजी ग्रेस्केल निवडा, नाहीतर सायक्लोस्टाइलची फिकट अक्षरं चक्क गायब होतात. पानामागे काळा कार्डपेपर ठेवलात तर पाठीमागच्या मजकुराची सावली बरीच कमी होते. हा दहा रुपयांचा उपाय महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाचा आहे. नकाशे 600 डीपीआयला घ्या. नकाशावर प्रमाणाची रेघ नसेल आणि नुसतं 'एका इंचाला चाळीस फूट' असं लिहिलेलं असेल, तर काचेवर शेजारी फूटपट्टी ठेवून स्कॅन करा. स्क्रीनवर आकार बदलला की ते वाक्य निरर्थक होतं, फूटपट्टी होत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. शेकडो पानांच्या पीडीएफ नुसत्या चढवून ठेवल्या तर त्या कपाटातल्या गठ्ठ्याइतक्याच निरुपयोगी. ज्याला हवं ते सापडलं पाहिजे. टेसरॅक्टसारखं मोफत ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर, टाइप केलेलं इंग्रजी बऱ्यापैकी वाचतं, पण स्टेन्सिलवर 'ई'चं पोट शाईने भरलेलं असलं की त्याला तो 'ओ' वाटतो. त्यात एकाच गुहेची चार स्पेलिंगं, आणि माणसांची तर नुसती टोपणनावं. म्हणून प्रत्येक अंकाची सूची हातानेच करावी लागते: लेखाचं नाव, लेखक, ठिकाण, तारीख. टोपणनावांसाठी ज्येष्ठ सभासदांना चहाला बोलवा आणि शेजारी वही घेऊन बसा. हे काम मी सगळ्यात आधी करेन, स्कॅनर विकत घेण्याच्याही आधी. अंक कपाटात थांबतील, ही माणसं किती थांबतील सांगता येत नाही.

काय चढवायचं नाही, हेही आधीच ठरवा. जुन्या अंकांत सभासदांचे घरचे पत्ते, फोन नंबर सर्रास छापलेले असतात. वेबवरच्या प्रतीतून ते झाका, मूळ स्कॅन वेगळा जपा. नाजूक जागांचं नेमकं ठिकाण द्यायचं की नाही यावर वाद होईल, होऊ द्या. अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं गोपनीय ठेवण्याची तरतूद 1988च्या कायद्यातच आहे.

कॉपीराइटची भीती दाखवणारा एक तरी सभासद निघतोच, आणि तो अगदीच चूक नसतो. पगार न घेता लिहिलेला लेख सहसा लिहिणाऱ्याचा असतो, संस्थेचा नाही. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, ब्रिटनमध्ये 70. जे लेखक सापडतील त्यांची परवानगी ईमेलवर घ्या. जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी 'हरकत असल्यास कळवा, लेख काढू' अशी स्पष्ट सूचना लावा. कायद्याने यातून पूर्ण सुटका होत नाही, पण बरेच क्लब व्यवहारात असंच करतात.

फक्त स्वतःच्या वेबसाइटवर विसंबू नका. डोमेनचे पैसे भरणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला की साइट बंद पडते. एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा, एक हार्ड डिस्क एखाद्या ग्रंथालयाकडे द्या. फाइलचं नाव वर्ष-महिना-अंक क्रमांक असं आकड्यांतच ठेवा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

तुमच्या ग्रुपचे अंक हाताने कापलेल्या स्टेन्सिलचे असतील तर मराठी ओसीआरच्या नादी लागू नका, हस्ताक्षर त्याला झेपत नाही. त्यांची फक्त सूची युनिकोडमध्ये टाइप करा. त्यात 'हरिश्चंद्रगड'सोबत 'नळीची वाट' आणि 'कोकणकडा' असे वेगळे शब्दही घाला, कारण लोक वाटेच्या नावाने शोधतात. नव्वदच्या दशकातले अंक श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये पेजमेकर या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर केलेले असतील, तर फाइल मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातला मजकूर कॉपी केला की निव्वळ चित्रविचित्र चिन्हं येतात. त्या फॉन्टचा चांगला कन्व्हर्टर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर छापील पान स्कॅन करून टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलला द्या. छापील देवनागरी ते बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरं तेवढी नजरेखालून घाला.